मनगटाची ताकद तपासताना आधी बोटं बघायची

परवा एक इंटर्न पेशंटचं मनगट तपासत होती आणि मी शेजारी उभी होते. काका खुर्चीत बसलेले, हात हवेत, कोपर अधांतरी. ती म्हणाली, "काका, हात वर करा", काकांनी अख्खा हात खांद्यातून वर केला, मग ती म्हणाली "तसं नाही, फक्त मनगट", मग त्यांनी बोटं ताठ करून मनगट उचललं आणि तिने बोटांच्या टोकांवर दाबलं, बोटं खाली गेली. केसपेपरवर लिहिलं, रिस्ट एक्स्टेन्शन, म्हणजे मनगट मागे नेण्याची ताकद, ५ पैकी ३ प्लस. सगळं मिळून अर्धा मिनिट.

मी तिला रागावले नाही. कारण मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं जवळपास असंच तपासायचे, आणि त्याची किंमत एका पेशंटने मोजली, ते खाली सांगते. पण आधी हे लिहायचंच होतं की मनगटाची एमएमटी, म्हणजे मॅन्युअल मसल टेस्टिंग, दिसायला फार सोपी आहे आणि म्हणूनच ती सगळ्यात जास्त चुकते. खांदा किंवा हिप तपासताना आपण पोझिशनचा विचार करतो, पेशंटला झोपवतो, वळवतो. मनगटाला काय, बसल्या बसल्या दाबलं की झालं असं वाटतं. तसं नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे पुढचा हात टेबलावर ठेवा. कोपरापासून मनगटाच्या अगदी अलीकडपर्यंत सगळा आधार, पंजा टेबलाच्या कडेबाहेर किंवा खाली टॉवेलची घडी, आणि माझा एक हात पेशंटच्या मनगटाच्या जरा अलीकडे धरलेला. हात असा टेकला की खांदा शांत होतो, कोपर शांत होतं, पेशंटलाही कळतं की हलवायचं काय आहे. एक्स्टेन्शन बघायचं तर तळहात खाली, फ्लेक्शन, म्हणजे मनगट पुढे वाकवणं, बघायचं तर तळहात वर. हे सगळ्यांना माहीत असतं, परीक्षेत सगळे बरोबर लिहितात, ओपीडीत गर्दी झाली की सगळ्यात आधी हेच सुटतं.

आणि मग बोटं. मनगटावरून जी टेंडन्स, म्हणजे मसलला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात त्यातली फार थोडी मनगटाची स्वतःची आहेत, बाकीची बोटांची आणि अंगठ्याची, ती फक्त वाटेत मनगट ओलांडतात. पण ओलांडतात म्हणजे मनगट हलवूही शकतात. बोटं उघडणारा एक्स्टेन्सर डिजिटोरम मनगट मागे खेचायला चांगलाच मदत करतो. बोटं मिटणारे फ्लेक्सर्स मनगट पुढे वाकवतात. त्यामुळे पेशंटने बोटं ताठ करून मनगट उचललं तर ते नक्की कोणी उचललं हे तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणून एक्स्टेन्शनच्या वेळी मी सांगते, "बोटं सैल सोडा, हलकी मूठ असू दे, अंडं धरल्यासारखी". हलकी हा शब्द महत्त्वाचा, कारण घट्ट मूठ वळली की बोटांचे फ्लेक्सर्स कामाला लागतात आणि तेच मनगट खाली ओढायला लागतात, मग चांगलं मनगटही कमजोर वाटतं. फ्लेक्शनला उलटं बघायचं, पेशंट मनगट वाकवताना बोटं आपोआप आत वळायला लागली की समजायचं, मनगटाचे मसल्स कमी पडतायत म्हणून बोटांचे मदतीला धावलेत. किंवा त्याला नीट सांगितलं गेलं नाही. दोन्हीपैकी काय ते परत करून घेतल्याशिवाय कळत नाही.

दाबायचं कुठं, तर पंजाच्या हाडांवर, मेटाकार्पल्सवर. बोटांवर कधीच नाही. बोटांवर दाबलं तर तुम्ही बोटांची ताकद मोजताय आणि वर लांब दांडीचा फायदाही स्वतःला घेताय, टोकाला जेवढं लांब दाबाल तेवढं थोड्या जोरात मनगट खाली जाणार. त्या काकांचंच बघा. हात टेबलावर ठेवला, हलकी मूठ, पंजावर हळूहळू जोर वाढवत नेला, तर मनगट हललं नाही. सरळ ५. दुसऱ्या हाताएवढंच. इंटर्नने आधीचा आकडा खोडला आणि शेजारी पोझिशनही लिहिली, ते मला फार आवडलं.

आता आकड्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ० ते ५ हे आकडे आपण इतक्या सहज लिहितो की त्यामागे काय आहे ते विसरायला होतं. आपण वापरतो ती एमआरसी स्केल ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४३ ची, नर्व्हला जखमा झालेल्या लोकांना तपासण्यासाठी. तिचा कणा म्हणजे ग्रॅव्हिटी. ३ म्हणजे ग्रॅव्हिटीच्या विरुद्ध पूर्ण हालचाल, २ म्हणजे ग्रॅव्हिटी काढून टाकली तर हालचाल, १ म्हणजे फक्त मसल आवळल्याचं कळतं, ० म्हणजे काहीच नाही, आणि ३ च्या वर मग आपल्या हाताचा अंदाज. ठीक आहे. पण मनगटाला ग्रॅव्हिटी म्हणजे किती? पंजाचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण ०.६ टक्के धरतात. ६० किलोच्या माणसाचा पंजा झाला ३६० ग्रॅमच्या आसपास. आणि गुडघ्यापासून खालचा पाय पावलासकट साधारण ६ टक्के, म्हणजे साडेतीन किलोच्या वर. मग गुडघ्याचा ३ आणि मनगटाचा ३ सारखा कसा असेल? मनगटाला ३ मिळाले याचा अर्थ तो माणूस स्वतःचा रिकामा पंजा उचलू शकतो, एवढाच. त्यात पाण्याचा भरलेला तांब्या दिला तर मनगट पडणार. आणि त्या ३६० ग्रॅमपासून ते पार नॉर्मल ताकदीपर्यंतचा सगळा प्रचंड पट्टा आपण एकट्या ४ मध्ये कोंबतो. म्हणून मनगटाला नुसतं ४ लिहिलेलं बघितलं की मला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. ४ मायनस, ४, ४ प्लस असं तरी लिहावं, आणि दुसरा हात कसा होता ते लिहावं, त्याच माणसाचा दुसरा हात हाच सगळ्यात खरा मापदंड. फक्त दुसराही हात आजारी नाहीये ना हे विचारून घ्यायचं, आणि ज्या हाताने माणूस सगळी कामं करतो तो जरा जास्त भरणार हे गृहीत धरायचं.

ग्रॅव्हिटी काढायची म्हणजे पुढचा हात उभा, करंगळीची कड टेबलावर, अंगठा छताकडे. इथे एक गडबड कायम होते, पंजा टेबलाला घासतो, आणि ज्या मसलमध्ये जेमतेम २ आहे त्याला ती घासही जड जाते. खाली गुळगुळीत बोर्ड ठेवा, थोडी टाल्कम पावडर टाका, नाहीतर पंजा स्वतःच्या हातात अलगद तोलून धरा. २ ला १ लिहून टाकणं ही छोटी चूक नाही, नर्व्ह परत येतेय की नाही हा निर्णय त्याच्यावर फिरतो.

आता तो पेशंट. चाळिशीतले, रंगकाम करणारे, टेनिस एल्बो म्हणून माझ्याकडे आलेले. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली दुखायचं आणि "मॅडम, ब्रश सोडताना बोटं नीट उघडत नाहीत" असं ते म्हणाले होते. हे वाक्य मी केसपेपरवर लिहिलंसुद्धा होतं, आज ते आठवलं की वाईट वाटतं. मी मनगट तपासलं, मूठ करून घेतली, पंजाच्या मधोमध दाबलं, चांगला जोर लागत होता, शेवटी थोडं सुटत होतं, दुखत असेल म्हणून सुटलं असेल असं धरून ४ लिहिलं आणि टेनिस एल्बोची ट्रीटमेंट चालू केली. तीन आठवडे. बरं वाटत नव्हतं. मग एक दिवस आमच्या सीनियर मॅडम सहज शेजारी येऊन थांबल्या. मी मनगट उचलायला सांगितलं आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मनगट कुठं चाललंय बघ."

मनगट वर जात होतं, पण अंगठ्याकडे कलून जात होतं. सरळ वर नाही. मूठ उघडायला सांगितली तर बोटांचे मधले सांधे सरळ होत होते पण मुळातले, मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात ते सांधे, वर येत नव्हते. तीन आठवडे हे माझ्या डोळ्यासमोर होतं.

कारण असं की मनगट मागे नेणारे तीन मसल्स आहेत. अंगठ्याच्या बाजूला दोन, एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस लाँगस आणि ब्रेव्हिस, म्हणजे ईसीआरएल आणि ईसीआरबी, एक तर्जनीच्या मेटाकार्पलच्या बुंध्याला जोडलेला आणि दुसरा मधल्या बोटाच्या. करंगळीच्या बाजूला एक, एक्स्टेन्सर कार्पी अल्नॅरिस, ईसीयू. तिघांनाही शेवटी रेडिअल नर्व्हच पुरवते पण वेगवेगळ्या ठिकाणी. ईसीआरएलची फांदी कोपराच्या वरच, मुख्य नर्व्ह दुभंगायच्या आधी सुटते. ईसीयू आणि बोटं उघडणारे मसल्स यांना मात्र पोस्टेरिअर इंटरॉसिअस नर्व्ह पुरवते, जी कोपराच्या खाली सुपिनेटर मसलमधून वाट काढत जाते. तिथे ती दाबली गेली तर ईसीआरएल शाबूत राहतो, मनगट उचललं जातं, पण करंगळीकडून धरणारं कोणी नसल्यामुळे ते अंगठ्याकडे ओढलं जातं. मनगट पूर्ण लुळं पडत नाही, म्हणून तपासणारा फसतो. आणि मी मधोमध दाबत होते, म्हणजे जो मसल चांगला होता त्याचीच ताकद पुन्हा पुन्हा मोजत होते. दुखणं कोपराजवळ, निदान आधीच चिठ्ठीवर लिहिलेलं, मी ते निदान तपासून बघितलंच नाही. पुढे त्यांची नर्व्ह कंडक्शन टेस्ट आणि एमआरआय झाली, सुपिनेटरच्या तोंडाशी एक मऊ गाठ नर्व्हवर बसली होती, ऑपरेशन झालं. बोटं परत आली पण फार हळू. ते तीन आठवडे आधी कळलं असतं तर, हा विचार मी अजूनही करते.

तेव्हापासून मी आधी नुसती हालचाल बघते, हात न लावता. मनगट कुठं जातंय. मग दोन्ही बाजू वेगळ्या दाबते. अंगठ्याच्या बाजूसाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मेटाकार्पल्सवर, खाली आणि करंगळीकडे असा तिरका जोर. ईसीयूसाठी पाचव्या मेटाकार्पलवर, खाली आणि अंगठ्याकडे. आणि लाँगस-ब्रेव्हिसमधला फरक बघायचा असेल तर कोपर पूर्ण मिटवून बघते, लाँगस कोपराच्या वरून निघतो, कोपर मिटलं की तो सैल पडतो, मग जास्त काम ब्रेव्हिसला करावं लागतं. अगदी शंभर टक्के वेगळे नाही होत, पण फरक पडतो. दुसरा हात मोकळा असतो त्याची बोटं टेंडनवर ठेवायची, ईसीयू अल्नाच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या, टोकाच्या जरा पुढे चांगला लागतो, लाँगस तर्जनीच्या मेटाकार्पलच्या बुंध्याशी दोरीसारखा उभा राहतो.

फ्लेक्शनबद्दल लवकर आटपते. तळहात वर, बोटं सैल, फ्लेक्सर कार्पी रेडिॲलिससाठी अंगठ्याच्या गादीच्या बाजूला दाबायचं, फ्लेक्सर कार्पी अल्नॅरिससाठी करंगळीच्या गादीवर. एक मीडियन नर्व्हचा, दुसरा अल्नर नर्व्हचा, म्हणून मनगट वाकवताना कुठल्या बाजूला कलतंय यावरून इथेही बरंच कळतं. पामॅरिस लाँगस हा मधला बारीक मसल काही लोकांना जन्मतःच नसतो, अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट जरा वाकवलं की मधोमध जी दोरी उभी राहते ती याच मसलची, नसली तरी मनगटाच्या ताकदीत जाणवेल असा फरक पडत नाही. आणि एक लक्षात ठेवण्यासारखं, कोपराशी अल्नर नर्व्ह दबलेल्या बऱ्याच पेशंट्समध्ये अल्नर बाजूचा हा फ्लेक्सर चांगलाच लागतो, तो चांगला आहे म्हणून अल्नर नर्व्हला क्लीन चिट द्यायची नाही, पंजातले छोटे मसल्स तपासायचेच.

आता रिस्ट ड्रॉप, म्हणजे मनगट पूर्ण लुळं पडलेला हात. दंडाचं हाड मोडल्यावर, किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपून गेल्यावर, रेडिअल नर्व्ह दंडाच्या मागच्या खाचेत दबून होतं ते. अशा हाताकडे बघून नवीन माणूस फार घाबरतो कारण त्याला सगळंच गेलेलं दिसतं. मूठ वळत नाही नीट, ग्रिप नाही, बोटं फाकवता येत नाहीत. मग केसपेपरवर मीडियन वीक, अल्नर वीक असं सगळं चढतं, एका नर्व्हच्या दुखण्याचं तीन नर्व्हचं होतं. पण जरा थांबा. मनगट लोंबत असताना मूठ वळून बघा, आत्ता स्वतःच करून बघा, पंजा पूर्ण खाली पाडा आणि घट्ट मूठ वळायचा प्रयत्न करा. जोर येत नाही. बोटांच्या फ्लेक्सर्सना त्या पोझिशनमध्ये आवळायला लांबीच उरत नाही आणि मागचे टेंडन्स ताणले जातात. चांगल्या हाताचा माणूसही सगळ्यात जास्त पकड द्यायची असेल तर आपसूक मनगट साधारण ३५ डिग्री मागे नेऊन धरतो. म्हणून रिस्ट ड्रॉपमध्ये आपल्या हाताने मनगट ३० डिग्री वर तोलून धरायचं आणि मग म्हणायचं, "आता माझी दोन बोटं दाबा." पेशंटच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसतं, कारण पकड येते. त्याला वाटत असतं आपला पूर्ण हात गेला. तसंच बोटं फाकवणं, पंजा टेबलावर सपाट ठेवून मग फाकवायला सांगा, इंटरॉसाय, म्हणजे पंजाच्या हाडांमधले छोटे मसल्स, चांगले निघतात.

आणि बोटं उघडणं तपासताना मधल्या आणि टोकाच्या सांध्यांवर जाऊ नका, ते सांधे पंजातले छोटे मसल्स, इंटरॉसाय आणि लंब्रिकल्सही, सरळ करतात. रेडिअल नर्व्ह पूर्ण गेलेली असली तरी मुळातल्या सांध्यांना आधार दिला की पेशंट बोटं सरळ करून दाखवतो आणि आपण लिहून टाकतो की फिंगर एक्स्टेन्शन आहे. फक्त मुळातला सांधा बघायचा, आणि पहिल्या पेरावर दाबायचं.

मनगट पडलंय म्हणजे रेडिअल नर्व्हच, असंही नाही. मानेतून निघणाऱ्या नर्व्हचं सी-७ मूळ दबलं तरी मनगट आणि बोटं कमजोर पडतात. मग मी दोन जागा बघते ज्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक, मनगट अंगठ्याच्या बाजूने वाकवणारा फ्लेक्सर कार्पी रेडिॲलिस, मीडियन नर्व्हचा, पण त्याच सी-६, सी-७ मुळांचा. रेडिअल नर्व्हच्या दुखण्यात तो चांगला असायलाच हवा, सी-७ मध्ये कमजोर असू शकतो. दुसरी, ब्रेकिओरेडिॲलिस, अंगठा वर ठेवून कोपर वाकवलं की पुढच्या हातावर जो मसल फुगून दिसतो. तो रेडिअल नर्व्हचा पण सी-७ चा नाही, त्यामुळे दंडातल्या इजेत तो गेलेला आणि सी-७ मध्ये शाबूत. ट्रायसेप्सचं, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या दंडामागच्या मसलचं, उलटं, खाचेतल्या इजेत बहुतेक वेळा वाचतो कारण त्याच्या फांद्या आधीच सुटलेल्या असतात, सी-७ मध्ये तोच कमजोर. एवढे मसल्स तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि मान बघायची की दंड ते ठरतं.

आणि तिसरं, मेंदू. छोटा स्ट्रोक फक्त हाताच्या भागात झाला तर हुबेहूब रिस्ट ड्रॉपसारखा हात दिसू शकतो. इथे एक जुनी साधी गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. मनगट उचला म्हटलं तर उचलत नाही, पण मूठ घट्ट वळा म्हटलं तर काय होतं ते बघायचं. मूठ वळताना मनगट मागे जाणं ही जोडीची हालचाल आहे, आपण ठरवून करत नाही. दुखणं मेंदूतलं असेल तर मूठ वळताना बहुतेक वेळा मनगट थोडं वर येतं. नर्व्हच तुटली किंवा दबली असेल तर मूठ वळताना ते उलट अजून खाली पडतं. अचानक हात पडलेला पेशंट आला आणि मनगट असं वर आलं, तर पुढची एमएमटी करत बसायची नाही, ताबडतोब पुढे पाठवायचं.

तसंच ज्या हातात स्पॅस्टिसिटी, म्हणजे मेंदूच्या किंवा मणक्याच्या दुखण्यातला मसल्सचा ताठरपणा, आहे तिथे हे आकडे जपून वापरायचे. स्ट्रोकनंतर कोपर वाकवताना मनगटही ओढलं जातं, ते मनगटाचं स्वतंत्र काम नाही, त्याला ३ लिहून काही सांगितल्यासारखं होत नाही. तिथे शब्दांत लिहावं, कुठल्या पोझिशनमध्ये किती हलतं ते.

दुखण्याचंही असंच. खऱ्या टेनिस एल्बोत मनगटावर जोर टाकला की पेशंट सोडून देतो, पण सोडायची पद्धत वेगळी असते, आधी जोर लागतो आणि मग एका क्षणी झटकन सुटतं, चेहरा आवळतो. नर्व्हची कमजोरी मऊ असते, सुरुवातीपासून एकसारखी कमी, चेहऱ्यावर काही नाही. म्हणून मी दाबताना हाताकडे नाही, चेहऱ्याकडे बघते. आणि दुखत असेल तर आकड्याशेजारी "वेदनेमुळे" असं लिहायचंच, ते न लिहिलेला ४ पुढच्या माणसाला खोटी माहिती देतो. जोर एकदम टाकायचा नाही, तीन-चार सेकंदात वाढवत न्यायचा, "धरून ठेवा, सोडू नका" म्हणत. आणि टेंडन नुकतंच शिवलंय, मनगटाचं फ्रॅक्चर अजून जुळतंय, अशा वेळी सर्जनने परवानगी दिल्याशिवाय रेझिस्टन्स देऊन तपासायचंच नाही, आकडा राहू दे रिकामा.

हँडहेल्ड डायनामोमीटर, म्हणजे ताकद मोजायचं हातात धरायचं यंत्र, असेल तर जरूर वापरा. ४ च्या पट्ट्यात जे हाताला कळत नाही ते त्यात दिसतं. फक्त पॅड प्रत्येक वेळी पंजावर त्याच जागी ठेवायचं, बोटभर पुढेमागे झालं तरी आकडा बदलतो. ग्रिप डायनामोमीटरला मात्र मनगटाची ताकद समजू नका, ती पकड आहे, मनगट त्यात फक्त खांब धरून उभं असतं.

मानेतून मणक्याची इजा झालेल्या माणसाकडे मात्र मनगटाच्या या एका ग्रेडकडे मी सगळ्यात जास्त वेळ देते. तिथे सी-६ चा "की मसल", म्हणजे ती पातळी ओळखायचा मुख्य मसल, रिस्ट एक्स्टेन्सर्सच. बोटं हलत नसतील पण मनगट उचलता येत असेल तर त्या माणसाच्या हातात एक पकड शिल्लक आहे, मनगट वर गेलं की बोटं आपोआप आत मिटतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो, मनगट सोडलं की उघडतात. टेनोडेसिस म्हणतात त्याला. चमचा, कागद, फोन एवढ्यावर धरता येतो. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. ही मिटलेली बोटं बघून फिंगर फ्लेक्शन आहे असं लिहायचं नाही, मनगट धरून ठेवून मग बोटं तपासायची. आणि मनगट आणि बोटं दोन्ही एकदम मागे ताणून स्ट्रेचिंग कधीच करायचं नाही, बोटांचे फ्लेक्सर्स लांबले की ती पकड गेली. घरच्यांना हे पहिल्या आठवड्यातच सांगा, प्रेमाने मालिश करता करता तेच सगळ्यात आधी बोटं ताणतात.

शेवटी एका मुलाबद्दल सांगते. दंडाचं हाड मोडलेला, प्लेट टाकलेली, रिस्ट ड्रॉप. नर्व्ह अखंड आहे हे ऑपरेशनमध्ये बघितलेलं, त्यामुळे वाट बघायची होती. नर्व्ह साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, खाचेपासून ईसीआरएलपर्यंत पोचायला महिने लागतात. तो दर आठवड्याला यायचा आणि दर आठवड्याला मी तेच करायचे, हात उभा, करंगळीची कड टेबलावर, माझी दोन बोटं तर्जनीच्या मेटाकार्पलच्या बुंध्याशी. आणि ०. पहिले काही आठवडे तो विचारायचा, मग विचारायचा बंद झाला. आई सोबत यायची, ती विचारायची.

चौथ्या महिन्यात ब्रेकिओरेडिॲलिस आला. परत येताना तोच आधी येतो, मग लाँगस, ब्रेव्हिस, बोटं आणि अंगठा सगळ्यात शेवटी. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी मी नेहमीसारखं म्हटलं, "उचल रे, मनात उचल", आणि माझ्या बोटाखाली काहीतरी सरकलं. अगदी बारीक. पंजा जागचा हललासुद्धा नाही. मला वाटलं बोटं हलवली असतील त्याने, म्हणून बोटं सैल आहेत ना ते बघितलं, परत करायला लावलं. परत सरकलं. तिसऱ्यांदा मी माझी बोटं काढली आणि त्याच्या चांगल्या हाताची तर्जनी उचलून त्या जागी ठेवली आणि म्हटलं, "आता उचल."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आईला म्हणाला, "तू बोट ठेव ना इथं." आईने ठेवलं. तिला पहिल्यांदा कळलं नाही, तिने जास्तच दाबलं होतं, मी तिचं बोट हलकं केलं. मग तिलाही कळलं.

त्या दिवशी केसपेपरवर लिहिलं, ईसीआरएल १, ईसीआरबी ०, ईसीयू ०.